काट्यांची बाजू

तालुक्याच्या कोर्टात मी दुभाषी आहे, अकरा वर्षं झाली.
कानाने मासाई ऐकतो, तोंडाने स्वाहिली बोलतो.
मधल्या जागेत जे सांडतं
त्याचा पगार मिळत नाही.

आज ओले पारमुआत होता.
लाल चादर, टायरच्या चपला.
काठी शिपायाने दाराशीच ठेवून घेतलेली,
म्हणून हात कुठे ठेवावे ते त्याला कळेना.
कारकून म्हणाला, याला किझिंबात उभा कर.
किझिंबा म्हणजे आरोपीचा पिंजरा.
किझिंबा म्हणजे कोंबड्यांचं खुराडंही.
आमच्या वाडवडलांनी कोंबड्या पाळल्या नाहीत,
मी खुराडं कुठून आणू?
म्हटलं, बाबा, त्या लाकडांच्या आत जा.
वासरांच्या जागेत?
हो, तसंच समज.
तो वाकून आत शिरला.
वासरांच्या जागेत वाकूनच शिरावं लागतं.

राहणार कुठे?
बोमात, तो म्हणाला.
कारकून हसला, बोमात तर तू आत्ता आहेस.
त्याचंही खरं होतं.
बोमा म्हणजे बाभळीच्या फांद्यांचं वाडगं,
मधे गुरं, कडेने शेणाने लिंपलेली घरं.
मग जर्मन आले, त्यांनी दगडाचा कोट बांधला,
लोक त्यालाही बोमा म्हणाले.
जर्मन गेले. इंग्रज आले, तेही गेले.
दगड राहिले. आता तिथे साहेबाचं टेबल आहे
आणि मंगळवारी जन्माचे दाखले मिळतात.
मी लिहून घेतलं : राहणार बोमा.

गुरं हद्दीपलीकडे का नेलीस?
हद्दीला स्वाहिलीत म्पाका म्हणतात,
आणि 'पर्यंत'लाही म्पाकाच.
मी विचारलं, कुठपर्यंत नेलीस?
गवतापर्यंत.
मी ते तसंच सांगितलं. हाकिमाने चष्मा काढून
माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही.

किती गुरं?
गुरं मोजू नयेत, मोजली की घटतात.
त्याने रंग सांगायला घेतले.
कबरी, तिची बांडी कालवड,
मोडक्या शिंगाची तांबडी,
पहिल्या बायकोच्या माहेराहून आलेली ढवळी,
आणि ती दुसरी, जी पाण्याला शेवटी येते...
टायपिस्टने बोटं उचलून मांडीवर ठेवली.
वनरक्षकाने मोजली होतीच. त्रेसष्ट.
कोंडवाड्यात पाठीवर निळ्या रंगाने आकडे घातलेत.

कोंडवाडा सांगताना माझी जीभ अडली.
गुरांच्या वाडग्याला शब्द आहे आमच्याकडे,
वासरांच्या कप्प्याला वेगळा, करडांच्याला वेगळा.
सगळे रात्रीचे शब्द.
उजाडल्यावर उघडत नाही
अशा जागेला शब्दच नाही.
म्हटलं, तुझी गुरं सरकारच्या वाडग्यात आहेत.
त्याचा चेहरा उजळला.
म्हणजे सिंहाची भीती नाही, तो म्हणाला.

हे मी हाकिमाला सांगितलं नाही.

दर गुरामागे लाख शिलिंग.
मुदत सहा दिवस. चाऱ्याचा खर्च वेगळा.
न भरल्यास लिलाव.
इथे मात्र एक शब्द सांडू दिला नाही मी.
लिलाव त्याने दोनदा विचारला.
मग बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, त्या वाडग्याचं दार
आतून लागतं की बाहेरून?

बाहेरून.

बाहेर पडताना कोठडीच्या भिंतीपाशी तो थांबला.
वर काटेरी तार, टोकं आत वळलेली.
मान मागे टाकून बघत राहिला,
एखाद्या पोराने पहिल्यांदाच घातलेली वई
म्हातारा माणूस बघतो तसा.
काठीने दाखवलं मला.
बुंधे आत, काटे बाहेर, एवढंही शिकवलं नाही यांना कुणी.
उलटं घातलंय. सांग त्यांना.

कोर्ट उठलं होतं.
तरी मी ते स्वाहिलीत म्हणून पाहिलं, हळू.
बरोबर येत होतं.